चिकण जमिनीत वाळू नको

चिकणमातीत वाळू मिसळून ती भुसभुशीत करण्याचा एका लेखातला सल्ला पटला नाही. थोडी वाळू घातली की तिच्या कणांमधल्या फटी चिकणमातीने भरतात आणि वाळल्यावर विटेसारखं ढेकूळ होतं. फरक पडायला मातीच्या निम्म्याहून जास्त वाळू लागेल. कोण ओतणार एवढी?

त्यापेक्षा कुजलेलं खत ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचं पसरून वरच्या १५-२० सेंटिमीटर मातीत मिसळा. मात्र वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना. मूठभर माती दाबून अंगठ्याने टोचा: गोळा फुटला तर खणा, नुसता खळगा पडला तर थांबा. ओली चिकणमाती खणली तर घट्ट ढेकळं होतात, ती पुढे फुटता फुटत नाहीत.

गादीवाफ्याची, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेल्या वाफ्याची, रुंदी १२० सेंटिमीटरपर्यंतच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो, आत पाय पडत नाही. भरण्याआधी तळाची जमीन कुदळीने सैल करा, नाहीतर पाणी तिथेच तुंबतं. निव्वळ कंपोस्टने वाफा भरू नका. ते कुजत जाऊन खाली बसतं आणि एकदा कोरडं पडलं की पाणी पटकन शोषत नाही. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट पुरे. २४० बाय १२० बाय ३० सेंटिमीटरच्या वाफ्याला सुमारे ८६५ लिटर मिश्रण लागतं.

लाकडाचा कच्चा भुसा आत कालवू नका. तो कुजताना जिवाणू मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढतात आणि रोपांची खालची पानं आधी पिवळी पडतात. वर आच्छादन म्हणून चालेल, खोडापासून चार बोटं लांब.