ताठ चेन म्हणजे सुरक्षित चेन नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची बुलेट १९८४ सालची आणि ती तुम्ही स्वतः शोरूममधून नवी काढलेली, तेव्हा काका म्हणायला हरकत नसावी. चेनच्या खेळाबद्दल, म्हणजे ती मधोमध वर-खाली किती हलावी याबद्दल, मी जे लिहिलं ते तुम्हाला पटलं नाही आणि तुम्ही ते आडपडदा न ठेवता सांगितलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चेनला खालच्या बाजूला मधोमध २५ ते ३० मिलिमीटर खेळ ठेवा हा सल्ला धोक्याचा आहे. कळव्यातले तुमचे मेस्त्री चेन ताठ ठेवतात, बोटाने दाबली तर जेमतेम हलेल इतकी, आणि तुमची चेन आजवर उतरलेली नाही. गाडीवर माणूस बसवून खेळ मोजणं हे पुस्तकी खूळ आहे, एखाद्या सेंटिमीटरने काही बिघडत नाही. आणि ज्याला एवढी काळजी आहे त्याने ओ-रिंगची, म्हणजे कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली, चेन टाकावी, म्हणजे व्याप संपला.

ढिल्या चेनची तुमची भीती शंभर टक्के खरी आहे. फार ढिली चेन दातांवर चढते, उतरते, आणि उतरलेली चेन चाकात अडकली तर चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होतं. घोडबंदर रोडवर मागे कंटेनर असताना असं झालं तर काय, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. मी ढिल्या चेनची बाजू घेतलेलीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की स्टँडवर ताठ असलेली चेन रस्त्यावर त्याहूनही ताठ होते, आणि किती ताठ होते ते स्टँडवर कळत नाही.

कारण गाडीच्या रचनेतच आहे. गियरबॉक्सचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, पुढे; स्विंग आर्म, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली होणारा दांडा, ज्या पिनेवर हलतो ती पिन त्याच्या मागे. दोघांची केंद्रं वेगळी. डबल स्टँडवर चाक लोंबत असतं तेव्हा स्प्रॉकेट, पिन आणि मागचा एक्सल (चाकाचा आस) हे तीन बिंदू एका रेषेत नसतात, मध्ये कोन असतो. माणूस बसला, शॉकअप दबले, की चाक वर सरकतं आणि तिघं एका रेषेकडे येऊ लागतात. ज्या क्षणी ते रेषेत येतात त्या क्षणी स्प्रॉकेट ते एक्सल हे अंतर सर्वांत जास्त असतं. चेनची लांबी मात्र तेवढीच, त्यामुळे तिचा खेळ खाल्ला जातो. मागे कोणी बसलेलं असेल आणि गायमुखच्या घाटात खड्डा लागला, की हा क्षण येतोच.

आता तुमचा तो एक सेंटिमीटर. इथे शाळेतला पायथागोरस पुरतो. चेनचा खालचा पदर, म्हणजे दोन स्प्रॉकेटांमधला खालचा भाग, ६० सेंटिमीटरचा धरा. तो मधोमध वर-खाली मिळून २५ मिलिमीटर हलतो, म्हणजे सरळ रेषेपासून साडेबारा वर आणि साडेबारा खाली. अर्धा पदर ३०० मिलिमीटर, त्याचा कर्ण येतो ३००.२६. दोन्ही अर्धे मिळून त्या पदरात जास्तीची लांबी किती, तर ०.५२ मिलिमीटर. डोळ्यांना एवढी हलणारी चेन प्रत्यक्षात अर्ध्या मिलिमीटरनेच मोकळी आहे! हाच हिशेब १० मिलिमीटर खेळाला लावला तर उरतात ०.०८ मिलिमीटर. आणि ५० मिलिमीटर खेळ असेल तर दोन मिलिमीटरच्या किंचित वर. ढिल्या बाजूचा एक सेंटिमीटर आणि ताठ बाजूचा एक सेंटिमीटर सारखे नाहीत ते यामुळे. जेमतेम हलणाऱ्या चेनकडे, चाक वर येताना सोडायला काही शिल्लकच नसतं. स्टीलची चेन रबरासारखी ताणून वाट देत नाही. सगळा ओढा मग गियरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो.

म्हणूनच मी २५ ते ३० या आकड्यावर थांबलो नव्हतो. अर्धा मिलिमीटर ही काही मोठी शिल्लक नाही. शॉकअप बदललेले असतील, वजन जास्त असेल, तर तीही पुरत नाही. माणूस बसवून पुन्हा चेन हलवून पाहायची ती एवढ्यासाठी. ज्याला एकदाच काय ते नक्की करायचं आहे त्याने दोन्ही शॉकअप काढावेत, चाक हाताने उचलून ते तीन बिंदू रेषेत आणावेत, त्या जागी चेन हलती आहे ना ते पाहावं, आणि मग शॉकअप बसवून डबल स्टँडवरचा खेळ मोजून लिहून ठेवावा. तो आकडा त्या गाडीचा स्वतःचा. पुढे दर वेळी तेवढाच ठेवायचा.

तुमच्या गाडीबद्दल मला विशेष काळजी वाटते, कारण जुन्या बुलेटमध्ये ताठ चेनची किंमत फार लागते. तिच्या चार गियरच्या अल्बियन गियरबॉक्समध्ये पुढचं स्प्रॉकेट क्लचच्या मागे, स्लीव्ह गियरवर (पोकळ नळीसारख्या गियरवर) बसतं. चेनचा ओढा थेट त्या गियरच्या बेअरिंगवर आणि आतल्या बुशवर. ते झिजून हलायला लागलं की ऑइल सील टिकत नाही, स्प्रॉकेटमागून गियरबॉक्सचं ऑइल झिरपतं. नौपाड्यातल्या माझ्या एका मित्राने नुसतं सील बदलून घेतलं, गळती पुन्हा सुरू झाली, तेव्हा कुठे बेअरिंग पाहिलं गेलं. तिथवर पोचायला प्रायमरी चेनकेस उघडा, क्लच काढा, असा सगळा पसारा. मागचं स्प्रॉकेट तर ब्रेकच्या ड्रमशी एकजीव ओतलेलं आहे. दात हुकासारखे वाकडे झाले की अख्खा ड्रम बदलावा लागतो. तुमच्या गाडीचा ड्रम मूळचा असेल तर तो जपण्यासारखा आहे हो.

तुमच्या मेस्त्रींबद्दल. मी गॅरेजवाल्यांना कमी लेखतो असं तुम्हाला वाटलं, त्याने मला वाईट वाटलं. आवाजावरून टॅपेट लावणारी, पॉइंटचा गॅप नजरेने ठेवणारी माणसं ठाण्यात अजून आहेत आणि आपल्या जुन्या गाड्या त्यांच्यामुळेच रस्त्यावर आहेत. पण ताठ चेनचा नियम जिथे बरोबर आहे ती गाडी वेगळी असते. सायकलला किंवा मागे शॉकअप नसलेल्या जुन्या रिजिड मोटरसायकलला स्प्रॉकेट आणि एक्सल यांच्यातलं अंतर बदलतच नाही. तिथे स्टँडवरचं माप तेच रस्त्यावरचं माप. १९४९ पासून बुलेट स्विंग आर्मवर आली आणि तो हिशेब तिला लागू पडेनासा झाला. शिवाय गॅरेजात गाड्यांची रांग असते, चेन एकाच जागी दाबून पाहिली जाते. आणि चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक फिरवत गेलात तर एखाद्या जागी ती ताठ आणि पुढे पुन्हा मोकळी होते. माप घ्यायचं ते सर्वांत ताठ जागी. मोकळ्या जागी घेतलं तर दर फेऱ्यात एकदा बेअरिंगला हिसका बसतो.

कान लावलात तर गाडी स्वतःच सांगते. कापूरबावडीच्या पुलाखालून, भिंतीच्या कडेने, हळू जाताना ऐका. ताठ चेन वेगाबरोबर चढत जाणारी कुंईकुंई करते. ढिली चेन अ‍ॅक्सिलेटर सोडल्यावर आणि पुन्हा पिळल्यावर फटका मारते. तुमची गाडी पूर्ण गप्प आहे असं तुम्ही लिहिलंत, पण डबल स्टँडवर न्यूट्रलमध्ये गप्प असणं याला काही अर्थ नाही, तिथे चेन फिरतच नाही.

ओ-रिंगची चेन चांगली असते, पण तिने हा व्याप संपत नाही. पिन आणि बुश यांच्यातलं ग्रीस आत धरून ठेवणं हे त्या रिंगचं काम. त्यामुळे झीज हळू होते, पावसाळ्यातल्या चिखलपाण्यात फायदा होतो. पण स्विंग आर्म तोच, भूमिती तीच, ताठ ठेवलीत तर बेअरिंगवरचा ओढाही तोच. ही चेन साध्या चेनपेक्षा रुंद असते, म्हणून जुन्या गाडीत कुठे घासत नाही ना ते बसवताना पाहावं लागतं. आणि ती पेट्रोलने धुवायची नाही, रिंगा खराब होतात. साध्या चेनला रॉकेलने धुऊन ९० नंबरचं गियर ऑइल लावलंत, जास्तीचं पुसून काढलंत, तरी ती छान चालते. झीज मोजायची तर चेन ओढून धरून २० कड्या मोजा: नव्या चेनला ३१७.५ मिलिमीटर भरतात, ३२४ च्या आसपास गेल्या की चेन बदला. तिला पुन्हा पुन्हा मागे ओढत बसू नका, झिजलेली चेन ड्रमचे दातही खाते.

आता या रविवारी एवढं करून पाहा. चाक फिरवून सर्वांत ताठ जागा शोधा, तिथे खडूची खूण करा. ती जागा खालच्या पदराच्या मधोमध आणा, गाडी स्टँडवरून उतरवा, घरातलं कोणी मागे बसवून तुम्ही पुढे बसा आणि मेस्त्रींना चेन हलवायला सांगा. त्यांना पायथागोरस सांगायची गरज नाही, हाताला लगेच कळेल. चेन हलत नसेल तर एक्सल सैल करून दोन्ही बाजूंचे कॅम (चाक पुढे-मागे सरकवणाऱ्या खाचांच्या चकत्या) सारख्याच खाचा फिरवून चाक पुढे घ्या, चाक सरळ आहे ना ते दोरीने तपासा, आणि नट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना माप बदलतं. चाक पुढे सरकलं की मागच्या ब्रेकचा रॉड सैल पडतो, पेडल खोल जातं. तेव्हा ब्रेक पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका. चेनलॉकच्या, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या, क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला आहे ना, तेही बघून घ्या. आणि दोघं बसल्यावर ताठ जागी किती मिलिमीटर भरले ते इथेच खाली लिहा.