दीड वर्षांची सर्दी नव्हे, ताई

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सर्दीच्या थेंबांबद्दल मी उगाच घाबरवतो, तुम्ही दीड वर्षं रोज झायलोमेटाझोलिन, म्हणजे चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब, घालताय आणि काही बिघडलेलं नाही, थेंब नाकातल्या नाकात राहतात, गोळीपेक्षा केव्हाही बरे, असं तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक. 'हे थेंब शक्यतो टाळाच' असं मी सरसकट लिहायला नको होतं. सर्दीने नाक गच्च झालंय, झोप लागत नाही, अशा वेळी मोठ्या माणसाला तीन-चार दिवस हे औषध खरंच आराम देतं. नाकातून रक्त येत असेल तर डॉक्टरही याच जातीचं औषध वापरतात, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसतात.

पण तुम्हीच पुढे लिहिलंय, 'एक रात्र जरी थेंब चुकले तरी श्वास घेता येत नाही.' ते वाचून काळजी वाटली. आकसलेल्या रक्तवाहिन्या औषध ओसरलं की पुन्हा फुगतात आणि रोज थेंब घातले की आधीपेक्षा जास्त फुगतात. मग दहा तास मोकळं राहणारं नाक चार तासांत चोंदतं. आपल्याला वाटतं सर्दी हटत नाही. नाक चोंदतंय ते थेंबांमुळे!

मी यातून गेलोय. रात्री अडीचला डोळे मिटलेलेच, हात उशीखाली बाटली चाचपतोय, कानाशी हलवून बघतोय किती उरलंय. सुटका झाली ती डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे देऊन आधी फक्त उजव्या नाकपुडीचे थेंब बंद करायला लावले तेव्हा. चार रात्री फार वाईट गेल्या. उजवी मोकळी झाल्यावर डावीचेही बंद केले.

आणि थेंब नाकातच राहत नाहीत. थोडे अस्तरातून रक्तात जातात, थोडे घशात उतरतात. लहान मुलांनी अशा औषधाचे 1-2 मिली चुकून गिळले तरी प्रकृती गंभीर होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2012 मध्ये दिला होता. मूल गुंगीत जातं, हृदयाचे ठोके मंदावतात. तुमच्याकडे नातू येतो म्हणता, तर ती बाटली उशाशी नको, कुलपात ठेवा.

गोळीबद्दलचं तुमचं मत निम्मं पटलं. सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलएफ्रिन हे औषध पोटातून घेतलं की बरंचसं आतड्यातच निकामी होतं. गोळीतून त्याचा उपयोग होत नाही, असं एफडीएच्या सल्लागार समितीने 2023 मध्ये एकमताने सांगितलं. स्युडोएफेड्रिन या गोळीतल्या दुसऱ्या औषधाने नाक मोकळं होतं, पण ब्लडप्रेशर वाढू शकतं, झोप उडते, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. तुम्हाला ब्लडप्रेशर आहे, तेव्हा थेंब सोडायचे म्हणून स्वतःच्या मनाने ही गोळी सुरू करू नका.

या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बाटली सोबत न्या आणि दिवसातून किती वेळा घालता तो आकडा कमी करून सांगू नका. मी तो दोन महिने कमी करून सांगत होतो.