‘बरं आहे’ म्हणायची सवय

विमा कंपनीचं नकाराचं पत्र सहा पानांचं होतं. चौथ्या पानावर माझ्याच डॉक्टरांच्या नोंदीतलं एक वाक्य उचलून अवतरणचिन्हांत टाकलेलं : ‘रुग्णाच्या म्हणण्याप्रमाणे तब्येत बरी आहे.’

मला तो दिवस आठवला. डॉक्टर आत आल्या, कशी आहेस म्हणाल्या, मी म्हटलं, बरं आहे. आपण दुसरं काय म्हणतो? त्या दिवशी सकाळी माझ्या शर्टाची बटणं नवऱ्यानं लावून दिली होती. हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही, म्हणून नोंदीत आलं नाही. आणि जे नोंदीत नाही ते विमा कंपनीच्या लेखी घडलेलंच नाही.

इथं अमेरिकेत बऱ्याच नोकऱ्यांबरोबर लाँग-टर्म डिसॅबिलिटीचा विमा येतो. आजारपणामुळे काम थांबलं की पहिले ९० किंवा १८० दिवस कोरडे, मग बहुतेक पॉलिसींत पगाराच्या साधारण ६० टक्के. कागदावर छान वाटतं. मला संधिवात, तोही हातांच्या सांध्यांचा, आणि नोकरी हिशेबाची. म्हणजे दिवसभर कीबोर्ड.

गंमत म्हणजे माझा आजार कंपनीनं नाकारलाच नव्हता. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सगळं मान्य. त्यांचा प्रश्न वेगळाच : मग काम का होत नाही? आणि खरं सांगायचं तर माझ्या कागदांत याचं उत्तर कुठंच नव्हतं. आजार पानोपानी होता, काम एका ओळीतही नव्हतं.

माझी नोकरी त्यांनी ‘बैठं काम’ या खान्यात टाकली. हे खाने अमेरिकी कामगार खात्याच्या व्यवसाय-यादीतले, आणि त्या यादीची शेवटची सुधारणा १९९१ सालची. बैठं काम म्हणजे मुख्यतः बसून करायचं आणि अधूनमधून दहा पौंडांपर्यंत वजन उचलायचं. अहो, वजनाबद्दल माझी तक्रारच नव्हती, तक्रार बोटांची होती!

पत्र आलं त्याच रात्री मी दोन पानी संतप्त अपील लिहायला घेतलं. नणंदेनं लॅपटॉप मिटला. ती या सगळ्यातून आधी गेलेली. म्हणाली, आधी फाइल मागव, राग नंतर काढ.

तिचंच बरोबर होतं. खाजगी नोकरीतून मिळणारा विमा बहुधा १९७४ च्या एरिसा कायद्याखाली येतो, म्हणजे नोकरीबरोबर मिळणाऱ्या पेन्शन-विम्यासारख्या लाभांच्या केंद्रीय कायद्याखाली. (स्वतः विकत घेतलेली पॉलिसी, सरकारी किंवा चर्चची नोकरी असेल तर हिशेब वेगळा.) नकार हातात पडल्यापासून अपिलाला १८० दिवस मिळतात, आणि तुमच्या दाव्याची पूर्ण फाइल मागितली तर ती फुकट द्यावी लागते. पण खरी मेख पुढं आहे. अपीलही फेटाळलं आणि तुम्ही कोर्टात गेलात, तर न्यायाधीश साधारणपणे त्या फाइलमधलेच कागद बघतात. ज्यूरी नसते, बहुतेक वेळा तुमची साक्षही होत नाही. म्हणजे अपील हेच तुमचं कोर्ट, आणि लोक ते तक्रारअर्जासारखं खरडून पाठवतात. मीही पाठवणार होते.

जिंकलात तरी कोर्ट थकलेले पैसे देववतं, फार तर वकिलाची फी. मनस्तापाची भरपाई नाही, कंपनीला दंड नाही. मग नाकारून बघायला त्यांचं काय जातं? माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथं आहे. माझी फाइल वाचून ‘काम करू शकते’ असं लिहिणाऱ्या डॉक्टरांनी माझे हात कधी पाहिलेही नव्हते. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मताला जास्त वजन द्यायलाच हवं असं बंधन कंपनीवर नाही, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००३ सालीच सांगून ठेवलंय. ते मत का पटलं नाही, एवढं मात्र आता पत्रात लिहावं लागतं.

मग मी वही घातली. सहा आठवडे, रोज. ‘१० मिनिटं टायपिंग, उजव्या हाताची दोन बोटं सरळ होईनात, २५ मिनिटं थांबले.’ ‘आकडे उलटे पडले, तीन वेळा तपासले.’ ही वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. ‘काम करू शकत नाही’ एवढंच लिहिलेलं पत्र नको म्हटलं. सलग किती मिनिटं, तासाला किती विश्रांती, महिन्यात किती दिवस पूर्ण खाडा, ते लिहा. शारीरिक क्षमतेची चाचणी करून घेतली. माझ्या जुन्या सहकाऱ्यानं माझं काम नेमकं काय होतं ते दीड पानात लिहून दिलं. मला वाटतं ते दीड पान सगळ्यात भारी पडलं.

अपिलाच्या निर्णयाला ४५ दिवस असतात, सबळ कारण दाखवून कंपनी आणखी ४५ घेऊ शकते. माझ्या वेळी घेतले. पैसे सुरू झाले.

सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे काम न जमणाऱ्यांना सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्याचं, एक सांगायचं राहिलं. कंपनी बहुतेक वेळा तिथंही अर्ज करायला लावते आणि ती रक्कम तुमच्या विम्यातून वजा करते. मागची थकबाकी एकरकमी आली तर हात लावू नका, त्यातला मोठा भाग कंपनी परत मागते. आमच्या ओळखीत एकांनी त्यात गाडी घेतली होती.

आणि हो, कंपन्या तुमचं फेसबुकही बघतात. ही पोस्ट फाइलला लागणार असेल तर खुशाल लागू दे. बोलून लिहिलेली आहे, टाइप केलेली नाही.

आता माझे २४ महिने भरत आलेत. पहिली दोन वर्षं ‘तुमचं काम जमतं का’ असा प्रश्न असतो, त्यानंतर बहुतेक पॉलिसींत ‘कुठलंही काम जमतं का’. त्यासाठी नवे फॉर्म येऊन पडलेत, वही पुन्हा काढलीय.

मी वकील नाही. पण नकाराचं पत्र आलं असेल तर ते कोणत्या तारखेला हातात पडलं तेवढं इनबॉक्समध्ये कळवा. फाइल मागायच्या पत्राचा नमुना पाठवते.