वापरलेच नाही, तर बिल कसले? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

क्रेडिट कार्डाविषयीचा एक संदेश कुटुंबांच्या, सोसायट्यांच्या आणि शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र ठरलेला असतो: ‘न वापरलेल्या क्रेडिट कार्डावर बँकेला एक रुपयाही आकारता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वर्षभर वापर झाला नाही की कार्ड आपोआप बंद होते. घाई असेल तर बँकेला एक फोन करा, कार्ड कात्रीने कापा आणि त्यानंतर येणारे बिल भरू नका. सात दिवसांनंतर उलट बँकच तुम्हाला रोज पाचशे रुपये देणे लागते. खरेदीच केलेली नसल्याने सिबिलला धक्का लागत नाही.’

हा संदेश निव्वळ थाप असता, तर त्याचा समाचार घेण्यात वेळ घालवला नसता. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयी जे मास्टर डायरेक्शन, म्हणजे बँकांवर बंधनकारक असलेले एकत्रित निर्देश, काढले आणि जे १ जुलै २०२२ पासून लागू झाले, त्यातल्या खऱ्या तरतुदींचे तुकडे या संदेशात आहेत. फक्त प्रत्येक तरतुदीला जोडलेली अट गाळलेली आहे, आणि ग्राहकाचे नुकसान नेमके त्या गाळलेल्या अटीपाशी होते. हे मी अनुभवाने सांगते, कारण फोन करणे आणि कार्ड कापणे या दोन्ही गोष्टी मी हा संदेश वाचण्यापूर्वीच, आपल्या मनाने, करून बसले होते.

प्रथम शुल्काविषयी. वापर नसेल तर शुल्क नाही, असा नियम कुठेही नाही. वार्षिक शुल्काचा खरेदीशी संबंध नसतो; खाते उघडे राहिले एवढ्यावरच ते लागू होते, जसे सोसायटीतील कुलूपबंद सदनिकेलाही देखभाल खर्च चुकत नाही. नियम वेगळे काही सांगतात आणि तेही महत्त्वाचे आहे: कार्ड देताना स्पष्टपणे न सांगितलेले शुल्क ग्राहकाच्या संमतीशिवाय लावता येत नाही, मोफत म्हणून दिलेल्या कार्डात छुपे आकार ठेवता येत नाहीत, आणि शुल्क वाढवायचे असेल तर किमान एक महिना आधी कळवून ते पुढील काळासाठीच वाढवता येते. ती वाढ ग्राहकाला मान्य नसेल, तर थकबाकी चुकती करून आणि कोणताही जादा आकार न देता त्याला कार्ड परत करता येते. म्हणून ‘शुल्क कसे लावले?’ असे विचारण्यापूर्वी कार्ड ‘आजीवन मोफत’ म्हणून घेतले होते की ‘पहिल्या वर्षी मोफत’ म्हणून, हे अर्जासोबतच्या कागदात पाहावे. माझे कार्ड दुसऱ्या प्रकारचे होते. पगाराचे खाते उघडताना ते सोबत आले, आणि दुसऱ्या वर्षाचे शुल्क ४९९ रुपये असल्याचे त्या कागदावर बारीक अक्षरांत, पण निःसंदिग्धपणे छापलेले होते.

एक अपवाद मात्र खरा आहे आणि तो गटांवर फारसा कोणी सांगत नाही. नवे कार्ड ग्राहकाने सुरूच केले नाही आणि ते दिल्यापासून तीस दिवस उलटले, तर बँकेला ओटीपीद्वारे त्याची संमती मागावी लागते. संमती न मिळाल्यास, ती मागितल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कोणताही खर्च न लावता ते खाते बंद करावे लागते. न मागता कार्ड गळ्यात मारून, ते संमतीविना सुरू करून बिल पाठवले असेल, तर बँकेला ती रक्कम परत फिरवून वर तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. ‘न वापरलेले’ आणि ‘सुरूच न केलेले’ या दोन शब्दप्रयोगांत केवढे अंतर आहे, ते इथे दिसते. मी कार्ड एकदाही वापरले नव्हते; पण ॲप उघडले की दर वेळी समोर येणारी पट्टी नाहीशी व्हावी म्हणून पहिल्याच आठवड्यात ‘ॲक्टिव्हेट’चे बटण दाबले होते. त्या बटणासरशी वरचे संरक्षण संपले.

वर्षभरानंतर कार्ड आपोआप बंद होते, हे विधान अर्धे खरे आहे. एक वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरलेले नसेल, तर बँकेने ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची असते आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास खाते बंद करायचे असते; परंतु सर्व येणे चुकते झालेले असले तरच. आता दिनदर्शिका समोर ठेवून पाहावे. पहिल्या वर्षी मोफत असलेल्या कार्डाचे वर्ष भरते आणि दुसऱ्या वर्षाचे शुल्कही त्याच सुमारास लागते. म्हणजे आपोआप बंद होण्याची वेळ येते तोवर खात्यावर येणे उभे राहिलेले असते, आणि संदेशाचे ऐकून ते न भरणाऱ्याचे कार्ड याच तरतुदीतून बाहेर पडते.

फोन आणि कात्री यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. कात्रीचे काम लवकर आटोपते: कार्डाचे खाते बँकेच्या संगणकावर असते, प्लास्टिकवर नसते. चिपमधून तिरके कापलेले माझ्या कार्डाचे दोन तुकडे टेबलाच्या खणात पडलेले असताना ॲपमध्ये तेच कार्ड हिरव्या ठिपक्यासह चालू दिसत होते.

फोनचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण फोन हा नियमाने मान्य केलेलाच मार्ग आहे. हेल्पलाइन, खास त्यासाठीचा ई-मेल पत्ता, आयव्हीआर (फोनवर अंक दाबून चालणारी यंत्रणा), संकेतस्थळावर ठळकपणे दिसणारा दुवा, नेटबँकिंग, मोबाइल ॲप असे अनेक मार्ग बँकेने खुले ठेवायचे असतात, आणि टपालानेच अर्ज पाठवा असा हट्ट तिला धरता येत नाही. तेव्हा माझ्या फोनमध्ये गैर काहीच नव्हते. उणीव होती ती पुराव्याची. अकराव्या महिन्यात मी कस्टमर केअरला फोन लावला. कार्ड बंद करायचे आहे म्हटल्यावर फोन दुसऱ्या विभागाकडे वळवला गेला आणि तिथल्या मुलीने अतिशय अदबीने विचारले, “मॅडम, तीन महिन्यांत थोडा खर्च केलात तर पुढच्या वर्षीची फी माफ होईल, तशी ऑफर लावून ठेवू का?” मी नको म्हटले. तिने तीच ऑफर आणखी दोनदा मांडली. शेवटी “बरं, नोंद करून ठेवते” असे ती म्हणाली, मी आभार मानले आणि फोन ठेवला. विनंतीचा क्रमांक तिने दिला नाही आणि मीही मागितला नाही.

पुढच्या महिन्यात बिल आले: वार्षिक शुल्क ४९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ८९.८२ रुपये, एकूण ५८८.८२ रुपये. पुन्हा फोन केल्यावर कळले की माझ्या नावापुढे कार्ड बंद करण्याची विनंती अशी नोंदच नव्हती; ‘ग्राहकास ऑफर समजावली, ग्राहक समाधानी’ असा शेरा होता. त्या मुलीला मी फारसा दोष देत नाही. जाऊ पाहणारा ग्राहक थोपवणे हेच त्या विभागाचे काम असते, आणि मोघम बोलण्याचा अर्थ तिथे बँकेच्या सोयीने लावला जाणार, हे मला कळायला हवे होते.

त्याच दिवशी मी ई-मेल लिहिला. त्यात पहिल्या फोनची तारीख, वेळ आणि मोबाइलच्या नोंदीत दिसणारा चौदा मिनिटांचा कालावधी दिला. त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण तपासावे, शुल्क परत फिरवावे, आणि हा ई-मेल मिळाल्याच्या दिनांकापासून कार्ड बंद करण्याची विनंती नोंदवून तिचा क्रमांक कळवावा, अशा तीन मागण्या तीन स्वतंत्र ओळींत लिहिल्या. जे काम चौदा मिनिटांच्या गोड बोलण्यातून झाले नव्हते, ते या तीन ओळींनी सुरू झाले. दुसऱ्या दिवशी क्रमांक आला.

आता संदेशातील सर्वांत घातक वाक्य: बिल भरू नका. कार्ड बंद करण्याचा हक्क ‘सर्व येणे चुकते करण्याच्या अधीन’ आहे, आणि विनंतीपूर्वी लागलेले शुल्क हे येणेच असते. ते चुकीचे लागले असेल, तर लेखी हरकत घ्यावी. पण हरकत न घेता नुसते गप्प बसणे म्हणजे बँकेच्या दृष्टीने थकबाकी. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम राहिली की बँकेला विलंब शुल्क लावता येते आणि खाते थकलेले असल्याचे पतमाहिती कंपन्यांना कळवता येते. किमान देय रक्कम देय तारखेपासून नव्वद दिवसांत भरली नाही, तर खाते अनुत्पादित, म्हणजे दीर्घकाळ थकलेले कर्ज, ठरते. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन किंवा क्रिफ हाय मार्क यांच्या अहवालात दिसते ती थकलेली रक्कम आणि थकलेले दिवस. ती रक्कम साडी घेतल्याची आहे की वार्षिक शुल्काची, याचा रकाना तिथे नसतो. घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर पाचशे-सहाशे रुपयांच्या थकबाकीचा खुलासा करत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये.

म्हणून मी ५८८.८२ रुपये भरले आणि ‘हरकत राखून भरणा करत आहे’ असे त्याच ई-मेलच्या साखळीत कळवले. तत्त्वाचा प्रश्न म्हणून न भरणाऱ्यांविषयी मला आदर आहे, परंतु एवढ्या रकमेसाठी ते तत्त्व महाग पडते असे माझे स्पष्ट मत आहे. भरताना पैशांसकट भरावे. ५८८ भरून ८२ पैसे मागे ठेवले, तर खाते शून्यावर येत नाही. जास्त भरले गेल्यास चिंता नाही, कारण कार्ड बंद झाल्यावर उरलेली जमा रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात वळती करणे बंधनकारक आहे. न भरण्याचे कारण काहीही असो, पुढच्या बिलात एक गोष्ट जरूर तपासावी: न भरलेली शुल्के आणि कर मुदलात मिसळून त्यांवर व्याज चढवण्यास नियमाने मनाई आहे, आणि विलंब शुल्कही देय तारखेनंतर राहिलेल्या रकमेवरच लावता येते.

रोजच्या पाचशे रुपयांचे काय? ती तरतूद अस्सल आहे. विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झाले नाही, तर पुढे कार्ड बंद होईपर्यंत प्रत्येक दिवसामागे ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात. सात दिवस मोजताना रविवार, दुसरा व चौथा शनिवार आणि सणाच्या सुट्ट्या वगळायच्या. विलंबाचे दिवस मोजताना मात्र सुट्ट्याही धरायच्या. परंतु खात्यावर काही येणे नसेल तरच हे लागू होते, असे त्याच वाक्यात म्हटलेले आहे. ‘बिल भरू नका’ आणि ‘पाचशे रुपये घ्या’ हे दोन सल्ले एकाच संदेशात देणाऱ्याने ते वाक्य शेवटपर्यंत वाचलेले नाही.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेमुळे ही तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क पडत नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी. थेट लोकपालाकडे गेलेली तक्रार विचारातच घेतली जात नाही. पतअहवालातील चुकीची नोंद तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाईची वेगळी तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

माझे कार्ड ई-मेलनंतर पाचव्या कामकाजाच्या दिवशी बंद झाले आणि तसा एसएमएस आला. शुल्क परत फिरवले गेले आणि ती रक्कम तीन आठवड्यांनी बचत खात्यात जमा झाली. पहिल्या फोनपासून मोजून मी रोजच्या पाचशे रुपयांचीही मागणी केली होती. त्या फोनमध्ये कार्ड बंद करण्याची विनंती नोंदवली गेली नव्हती, असे बँकेने दोन ओळींत कळवले. ध्वनिमुद्रणाविषयी त्या उत्तरात एक अक्षरही नव्हते. माझ्याजवळ चौदा मिनिटांच्या नोंदीपलीकडे काही नव्हते, तेव्हा तो वाद मी लोकपालाकडे नेला नाही.