मराठीत विचारलं म्हणजे आम्ही महाराष्ट्रात राहतो काय?

डोकं फिरलंय नुसतं. बेळगावात बसून फोनला मराठीत काहीही विचारा, उत्तर महाराष्ट्राचं! खानापूरची शेवटची बस कधी, विचारलं तर सांगली जिल्ह्यातलं, विट्याजवळचं खानापूर पुढ्यात. अरे, बेळगावच्या बसस्टँडवर उभा असलेला माणूस कुठल्या खानापूरला निघालाय, हे शाळकरी पोरगंसुद्धा सांगेल. लोकेशन चालू आहे ना माझं? मग बघा की!

जमिनीच्या उताऱ्याचं तेच. शोधायला गेलं की सातबाऱ्याचं पान उघडतं. पुणे विभाग, कोकण विभाग, पुढे जिल्हा निवडा. बेळगाव असणार कुठून त्यात? आमच्या जमिनी कर्नाटकच्या 'भूमी' या ऑनलाइन जमीन-दप्तरात नोंदलेल्या.

पण खरा संताप आला तो शेजारच्या मावशींमुळे. बायकांच्या खात्यात महिन्याचे पैसे कधी येणार, एवढंच त्यांनी फोनमध्ये बोलून विचारलं. म्हणजे गृहलक्ष्मीचे. कर्नाटकात २०२३ पासून घरच्या कर्त्या बाईला महिना २००० रुपये मिळतात, ते. फोनने वाचून काय दाखवलं? लाडकी बहीण, १५०० रुपये! मावशींचा चेहरा पडला. "पाचशे कापले की काय रे?" ही योजना महाराष्ट्राची, तुम्हाला लागू नाही, असं एक वाक्य त्या उत्तरात नव्हतं. दुसऱ्या दिवशी आधार आणि पासबुक पिशवीत घालून त्या भर उन्हात बँकेत जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. कशासाठी? कुणाच्या आळसापायी?

भाषा बदलून कन्नड करा म्हणे. आम्हाला कन्नडचं वावडं नाही, बाजारात रोज बोलतो. पण मावशींना वाचता येतं ते मराठीच, त्यांनी काय करायचं? सीमाभागात लाखो माणसं अशी आहेत. भाषा एका राज्याची, रेशनकार्ड दुसऱ्या राज्याचं. यात न कळण्यासारखं काय आहे?

आणि कळत नाही असंही नाही हो! जाहिरात दाखवायची असली की बरोबर टिळकवाडीतलं दुकान दाखवता. तिथं मी बेळगावचा. विकायचं असलं की पत्ता सापडतो, हक्काचे पैसे विचारले की आम्ही थेट महाराष्ट्रात!

खात्री नसेल तर विचारा ना सरळ, कर्नाटकातलं हवंय की महाराष्ट्रातलं? दोन बटणं लागतात. ती द्या आधी, बाकीची हुशारी नंतर दाखवा.