आधी तिकीट, मग व्हिसा? उलटं आहे ते

बेळगावात शहापूर-टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत सध्या ज्याच्या-त्याच्या फोनवर एकच मेसेज फिरतोय: 'युरोपला जायचं तर आधी पक्कं तिकीट काढा, तिकीट बघितलं की व्हिसा अडत नाही. पासपोर्टवर बेळगावचं बेळगावी करून घ्या. अर्ज मुंबईला टाका, आठवड्यात काम होतं. त्याच व्हिसावर लंडनही उरकतं. गोव्याहून विमान पकडा, स्वस्त पडतं.' पुढे पाठवणाऱ्यांत आमची वहिनीही निघाली, म्हणून लिहायला बसलो.

आधी तिकिटाचं बोलू, कारण पैसे बुडतात ते तिथेच. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, जाण्या-येण्याचं आरक्षण दाखवलं की भागतं. म्हणजे काही दिवस धरून ठेवलेली जागा, नाहीतर रद्द केल्यावर पैसे परत देणारं तिकीट. व्हिसा देणारा बघतो ते वेगळंच: हा माणूस परत येईल का, खर्च पेलेल का. त्यासाठी बँकेचं स्टेटमेंट, रजेचं पत्र, इन्कम टॅक्सचे रिटर्न, किमान 30,000 युरोचा प्रवास विमा. माझ्या साडूंनी मागच्या साली स्वस्त मिळाली म्हणून परतावा नसलेली चार तिकिटं काढली. पासपोर्ट हातात आले ते विमान उडून गेल्यावर तिसऱ्या दिवशी, आणि आत व्हिसा होता! नकार आला असता तर निदान कुणावर तरी चिडता आलं असतं, असं ते अजून म्हणतात. मोठ्या माणसाची 90 युरो फी असते, तीही नकार आला तरी परत मिळत नाही.

आता बेळगाव-बेळगावी. शहराचं नाव बदललं 1 नोव्हेंबर 2014 ला. त्याआधी जन्मलेल्यांच्या पासपोर्टवर जन्मस्थळ बेळगाव असलं तर त्यात चूक काहीच नाही. पासपोर्ट 10 वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीनंतर 3 महिने चालणारा हवा, दोन पानं कोरी हवीत. आपल्याकडे घोळ होतो तो स्वतःच्या नावाचा. शाळेचा दाखला कन्नडमध्ये, त्यावरून कुणीतरी इंग्रजी केलेलं; एका कागदावर जाधवमधला एच आहे, दुसऱ्यावर गायब. आधारवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव, अक्षर न् अक्षर. शेतीचा उतारा जोडणार असाल तर इंग्रजी भाषांतर सोबत लावा, कन्नड वाचणारा तिथे कुणी बसलेला नसतो.

मुंबईला अर्ज? आपण मराठी म्हणून मुंबई जवळची वाटते, पण सीमाप्रश्न वकिलातीला ठाऊक नसतो. तिथे राहता पत्ता बघतात. बेळगावचा पत्ता कर्नाटकात, म्हणून बऱ्याच देशांच्या बाबतीत तो बेंगळुरूच्या कचेरीकडे जातो. काही देश कुठल्याही शहरातलं केंद्र चालवून घेतात, ते त्या-त्या देशाच्या वेबसाइटवर दिलेलं असतं. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं तिथला पुरावा जोडून पुण्याच्या पत्त्यावर अर्ज केला तर चालतं, पासपोर्ट कुठून का निघालेला असेना.

आठवड्याचं म्हणाल तर नियमानं निर्णयाला 15 दिवस, लांबलं तर 45. अपॉइंटमेंटची वाट बघण्यात जातात ते दिवस वेगळे. आपल्या शाळा महाराष्ट्राच्या आधी सुरू होतात, म्हणजे सहल एप्रिल-मेमध्येच. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो. 15 मेला निघायचं तर 15 नोव्हेंबरपासून. फराळाचे डबे रिकामे झाले की कागद काढायला बसा.

लंडन होत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, फी वेगळी.

गोव्याचं मात्र अर्धं खरं आहे. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, परदेशी विमान नाही, आणि गोव्याहून कधी कधी खरंच स्वस्त पडतं. पण गोव्यात विमानतळ दोन: दाबोळी आणि 2023 पासून मोपा, एक दक्षिणेला, एक पार उत्तर टोकाला पेडण्यात. तिकिटावर नुसतं गोवा वाचून गाडी काढू नका. आणि सांबरा ते मुंबई एक तिकीट, पुढचं दुसऱ्या कंपनीचं, असं तोडून काढलंत तर पहिलं विमान लेट झाल्यावर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही, पैसेही देत नाही. सगळा प्रवास एकाच बुकिंगमध्ये घ्या, नाहीतर आदल्या दिवशीच मुंबई गाठा.