स्लॉट बदलून मागा, कोणी रागावत नाही

माझं नक्की काम काय, असं लग्नकार्यात कुणी विचारलं की मी "एचआरमध्ये आहे" म्हणून मोकळी होते. मग दोन दिवसांत कुणाच्या तरी पुतण्याचा बायोडेटा व्हॉट्सॲपवर येतो. प्रत्यक्षात मी हिंजवडीत बसून मुलाखतींच्या वेळा लावते. उमेदवार पुण्याचा, नागपूरचा, कधी मडगावचा. पॅनल, म्हणजे मुलाखत घेणारी माणसं, सिएटलला, टोरांटोला, डब्लिनला, हल्ली सिंगापूरलाही. चार-पाच जणांची कॅलेंडरं समोर उघडायची आणि सगळ्यांना जमेल असा एक तास त्यातून काढायचा. दिवसभर हेच.

परवा भाच्याच्या मित्राचा फोन आला. "मावशी, रात्री दीडचा स्लॉट आलाय. बदलून मागितला तर वाईट दिसेल का?" त्याला रूमवरच्या सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं की ही पहिली परीक्षा असते, तुम्ही किती फ्लेक्सिबल आहात ते कंपनी बघते, गप 'येस' करून टाक.

हा समज इतका पसरलाय की आज सविस्तर लिहितेच. रात्री दीडची वेळ कुणी मुद्दाम ठरवलेली नसते. खरं तर ती कुणी ठरवलेलीच नसते.

होतं असं. पॅनलवरच्या दोघांची कॅलेंडरं आमच्या सिस्टीममध्ये असतात. एकाची सकाळी दहापर्यंत मीटिंग, दुसरा तीन वाजता मुलांना शाळेतून आणायला जातो, मध्ये कुणाचं जेवण. उरला दुपारी एक ते दोन. सॉफ्टवेअर तो चौकोन हिरवा करून दाखवतं आणि तिकडचा कोऑर्डिनेटर, म्हणजे माझ्यासारखाच वेळा लावणारा, क्लिक करतो. उमेदवार अजून कंपनीत नाही, त्यामुळे त्याचं कॅलेंडर, त्याची झोप, त्याचं ऑफिस यातलं काहीच त्या पडद्यावर नसतं. सिएटलला उन्हाळ्यात दुपारचा एक म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दीड, हे त्या साखळीतल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलेलं नसतं. आणि इन्व्हाइट ज्याच्या त्याच्या घड्याळात आपोआप बदलून दिसतं, त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याला फक्त 'दुपारी १' दिसतं. तो छान जेवून, कॉफीचा मग घेऊन येऊन बसतो.

याचे परिणाम मला दुसऱ्या दिवशी सकाळी फीडबॅकमध्ये वाचायला मिळतात. एक मुलगा होता, मूळचा लातूरचा, वाकडला तिघांत टू बीएचके. त्याचा कोडिंग राउंड रात्री दीडला लागला होता आणि तो स्लॉट आमच्या हातून नाही, थेट तिकडून गेला होता. रूममेट झोपलेले, हॉलमध्ये एकाची आई गावाहून आलेली, म्हणून हा लॅपटॉप घेऊन जिन्यात बसला. आमच्या सोसायट्यांचे जिने तुम्हाला माहीत आहेत. सेन्सरचा दिवा, हालचाल थांबली की बंद. कोड विचार करत लिहायचा म्हणजे माणूस स्थिर बसणार, दिवा जाणार, मग हा हात हलवून दिवा लावणार. खाली वॉचमन शिट्टी मारतोय. हे सगळं त्याने मला नंतर हसत हसत सांगितलं. फीडबॅकमध्ये मात्र एवढंच होतं: उत्तरं बरोबर, पण एनर्जी कमी वाटली, मध्ये मध्ये लक्ष विचलित होत होतं.

मी हायरिंग मॅनेजरला लिहिलं की साहेब, त्याच्याकडे तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. दहा मिनिटांत उत्तर आलं. त्याला पत्ताच नव्हता. त्याने स्वतःहून तो राउंड रद्द धरला आणि पुन्हा घेतला, आपल्या सकाळी साडेसातला, म्हणजे त्याच्या संध्याकाळी सातला, घरून. मुलगा त्यात पास झाला. पुढे सिस्टीम डिझाइनच्या राउंडला नापास झाला, ते सोडा. ते त्याला खरंच येत नव्हतं. पण जे येत होतं त्यात तो नापास व्हायला निघाला होता, आणि कारण होतं जिन्यातला दिवा.

म्हणून मी म्हणते, मागा. आधी मागा. मुलाखत झाल्यावर "रात्र होती हो" म्हणून काही उपयोग नसतो.

कसं मागायचं, यातही आपली माणसं गंमत करतात. एक तर आजी आजारी पाडतात, नाहीतर नेट घालवतात, नाहीतर गावाला जायचं असतं. कशाला? खरं कारण त्याहून सरळ आणि वजनदार आहे. मेलमध्ये दोन ओळी पुरतात: त्या वेळी पुण्यात रात्रीचे दीड वाजलेले असतात, राउंड नीट द्यायचा आहे, तेव्हा पुढच्यापैकी कुठलीही वेळ चालेल. आणि खाली तीन वेळा, दोन्हीकडच्या घड्याळात. माफीचा परिच्छेद नको. नुसतं "दुसरी वेळ मिळेल का" असंही लिहू नका, कारण मग चेंडू पुन्हा आमच्याकडे येतो आणि ते सॉफ्टवेअर पुन्हा एक हिरवा चौकोन काढून देतं. कोऑर्डिनेटरला तयार वेळा मिळाल्या की तो तुमचा जन्मभराचा मित्र.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासाठी चालण्यासारख्या वेळा दोनच टोकांना सापडतात. उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, आणि त्यांची संध्याकाळी सहा-सात म्हणजे आपली सकाळी साडेसहा-साडेसात. माझं मत विचाराल तर सकाळ घ्या. रात्री साडेनऊला तुम्ही ऑफिस करून, बाणेर रोडचं ट्रॅफिक सोसून आलेले असता. पण सकाळी तिकडचा माणूस दिवसभराचा थकलेला असतो हेही खरं, म्हणून ज्या राउंडमध्ये गप्पा जास्त तो रात्रीला चालेल, कोडिंगचा सकाळी मागा. न्यूयॉर्क-टोरांटोचं सोपं आहे. उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. डब्लिन-लंडन तर अगदी घरच्यासारखं, उन्हाळ्यात तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपली दुपारी दीड. तिथे अडचण रात्रीची नसून चालू नोकरीतल्या मॅनेजरची असते. मीटिंग रूम बुक करून "पर्सनल कॉल" म्हणायचं, की हाफ डे टाकायचा, ते ज्याचं त्याने बघावं.

उन्हाळा उन्हाळा म्हणतेय कारण गडबड तिथेच होते. आपलं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही. त्यांचं हलतं, आणि सगळ्यांचं एकाच दिवशी हलत नाही. अमेरिका आणि कॅनडाचा बहुतेक भाग मार्चच्या दुसऱ्या रविवारी तास पुढे घेतो, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये त्या तारखा ८ मार्च आणि २९ मार्च. मधले तीन आठवडे आमच्याकडे नुसता गोंधळ. तेव्हा सिएटल आणि आपल्यात साडेबारा तास झालेले असतात, पण लंडन अजून साडेपाचवरच असतं, आणि ॲरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळाला हातच लावत नाही. परत फिरताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. या दिवसांत कुणी मेलमध्ये 'ईएसटी' (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची हिवाळी वेळ) लिहिलं असेल तर विचारून घ्याच, कारण बरेच अमेरिकन लोक बाराही महिने ईएसटीच लिहितात, मग घड्याळ उन्हाळ्याचं असो की हिवाळ्याचं. आपल्या 'आयएसटी'चंही, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेचंही, तसंच. आयर्लंडची उन्हाळी वेळ आयएसटी, इस्रायलची पण आयएसटी. डब्लिनच्या पॅनलला तुम्ही "दुपारी ३ आयएसटी" लिहिलंत की तो बिचारा साडेचार तास उशिरा येऊन तुमची वाट बघणार. शहराचं नाव लिहा. 'पुण्याचे दुपारी तीन' यात कुणाची चूक होत नाही.

तारखेचं वेगळंच. इन्व्हाइटवर 'गुरुवार, १२:३० एएम' असतं आणि आपला माणूस गुरुवारी रात्री जेवून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतो. मुलाखत चोवीस तासांपूर्वी होऊन गेलेली. यात मी कुणाला मूर्ख म्हणणार नाही. आपल्याकडे पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. माझ्या आईसाठी रात्री साडेबारा म्हणजे अजून बुधवारच, आणि मनातून आपण सगळे आईच्याच कॅलेंडरवर चालतो. आमच्या आकड्यांत मात्र तो 'नो-शो', म्हणजे न कळवता गैरहजर, म्हणून जातो, आणि नो-शो झालेल्याला दुसरी संधी मिळवून देणं फार जड जातं. मध्यरात्रीचा स्लॉट घ्यायचाच झाला तर उत्तरात 'बुधवारी रात्री, म्हणजे गुरुवार लागल्यावर' असं स्पष्ट लिहून खात्री करून घ्या.

शेवटचा टप्पा, ज्याला लूप म्हणतात, तो चार-पाच राउंड सलग असतो. उन्हाळ्यात सिएटलच्या सकाळी नऊला सुरू झाला तर आपल्या रात्री साडेनऊपासून अडीचपर्यंत. हा अजिबात एका रात्रीत देऊ नका. दोन दिवसांत विभागून मागा. मी लावलेल्या लूपपैकी विभागायला नकार आलाय असं फारसं आठवत नाही, पण मागणारेच कमी. जे मागतात ते बहुधा आधी परदेशात राहून आलेले असतात. त्यांना माहीत असतं की हे मागता येतं. लातूरच्या, जळगावच्या मुलाला ते माहीत नसतं, त्याला वाटतं आपल्याला बोलावलं हेच खूप झालं. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. परीक्षा एकच, पण एकजण ती सकाळी ताजा होऊन देतो आणि दुसरा जिन्यात.

काहींना रात्रच आवडते, त्यांच्याशी माझं भांडण नाही. घर शांत, पोर झोपलेलं, ऑफिसला सुगावा नाही. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड डोक्यावर असताना दिवसाढवळ्या मुलाखती देणं सोपं नसतं, हे मी जाणते. तुम्हाला रात्री अकरा सोयीचे असतील तर तेच मागा. मुद्दा वेळ तुम्ही निवडण्याचा आहे.

आता लोक म्हणतात की ज्या कंपनीने रात्री दीडचा स्लॉट दिला ती पुढे रोज रात्री दीडला मीटिंग लावणार, तेव्हा नकोच. हेही मला पटत नाही. पहिला स्लॉट काहीच सांगत नाही, तो सॉफ्टवेअरने काढलेला असतो. बदलून मागितल्यावर काय उत्तर येतं, त्यावर मात्र डोळा ठेवा. "अरे हो, लक्षातच आलं नाही, यातली कुठली चालेल?" असं आलं तर माणसं बरी आहेत. "पॅनलला दुसरी वेळ नाही, तुम्हीच बघा" असं दोनदा आलं तर मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा: रोज किती तास तुमच्या वेळेशी जुळवून काम करावं लागेल, आणि पुण्याच्या टीमची शेवटची मीटिंग किती वाजता संपते? पगाराआधी हा आकडा घ्या.

मुलींसाठी जरा जास्तच. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था कंपनीने करायची असते. नोकरी लागल्यावर हे सगळं आहे. मुलाखत देणारी मात्र अजून कर्मचारीच नाही, म्हणून तिला रात्री दोन वाजता कॅमेरा लावून बसवायला कुणाची संमती लागत नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींना तर बोलायला जागासुद्धा नसते. एकीने मेसच्या स्वयंपाकघरात बसून राउंड दिला होता, मागे भांड्यांची चळत. तिने बॅकग्राउंड ब्लर केलं होतं, तरी स्टीलचे डबे चमकत होते.

आणि एक घरचा अहेर. आता पुण्यातले कितीतरी जण स्वतः पॅनलवर बसतात, अमेरिकेतल्या उमेदवारांच्या मुलाखती इथून घेतात. आपले सकाळचे साडेदहा त्यांना फार आवडतात, चहा झालेला असतो. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. मागच्या आठवड्यात आमच्याच मजल्यावरच्या एका साहेबांनी एकीला नापास करताना लिहिलं, "उमेदवार थकलेली वाटली." मी त्यांच्या डेस्कवर गेले आणि तिचं शहर विचारलं. त्यांना सांगता आलं नाही. पॅनलवर बसणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, इन्व्हाइट आलं की उमेदवार कुठल्या शहरात आहे ते एकदा बघत चला. दिसत नसेल तर तुमच्या कोऑर्डिनेटरला विचारा. आम्ही असतोच जाग्यावर, बहुतेकदा डबा न उघडता.